विलायती किटली

आमच्या लाकूड-गिरणीचे हेडकारकून बोलण्याआधी असे खाकरत, की साऱ्या रानानं गप्प बसावं. गिरणीच्या डायनामोवरून साहेबाच्या बंगल्यात वीज आली, तेव्हा यांनी आपल्याही घरात तार ओढून घेतली आणि मुंबईहून विजेची विलायती किटली मागवली. तिला हवे दोनशेवीस व्होल्ट, आणि आमचा डायनामो द्यायचा जेमतेम एकशेदहा. तासाभरानं पाणी कोमट व्हायचं, तेवढंच.

तरी दर रविवारी ते आम्हा हाताखालच्यांना चहाला बोलवत आणि किटलीवर हात ठेवून सांगत, "बघा, धूर न्हाई, राख न्हाई." चहाला मात्र धुराचा वास यायचा. आम्ही पोचायच्या आधी वैनी चुलीवर पाणी उकळून किटलीत ओतत, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

वैनी उळवीच्या जत्रेला गेल्या, त्या रविवारीही बोलावणं आलं. कपात चहाची पत्ती तशीच वर तरंगत होती.

ते खाकरले. "सावकाश घ्या. तोंड भाजंल."

"व्हय, व्हय," आम्ही म्हणालो. हजेरी मांडणारे तेच होते. तो गारढोण चहा आम्ही सगळे फुंकर मारमारून प्यालो.