कपाशीच्या फुलाचा पट्टा

लग्न होऊन सेलूला आले तेव्हा या घरातलं माझं पहिलं भांडण सासऱ्यांशी झालं, आणि तेही एका इंजिनाच्या रंगावरून. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे भांडायला दुसरं कुणी नव्हतंच. नवरा भांडणाच्या वेळी नेमका गाडीत हवा भरायला जातो, तो आजही जातो.

सासरे, म्हणजे बाबा, हिंगणीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रोज सेलूहून एसटीने जाणं-येणं. एसटीची वाट पाहता पाहता त्यांनी मनातल्या मनात एक रेल्वे टाकली. सेलूहून निघायचं, हिंगणीला पाणी घ्यायचं, बोर धरणाच्या भिंतीपाशी थांबायचं. अशी लाइन कधी नव्हती आणि होणारही नाही, पण तिची इंजिनं आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात उभी आहेत. काही जत्रेतली खेळणी, काही नवऱ्याने पुढे ऑनलाइन मागवून दिलेली परदेशी मॉडेलं. बाबा आधी त्यांचा मूळ रंग पॉलिश पेपरने घासून काढायचे. मग चिमणी उंच करायला पेनाचं टोपण, पुढच्या जाळीला कंगव्याचे दात, दिव्याच्या जागी चमकती टिकली. एवढं झालं की अस्तराचा एक हात, आणि मग 'कपडे'. इंजिन रंगवणं हा शब्द त्यांना चालत नसे. इंजिनाला कपडे घालायचे असतात.

मी पुलगावची. आमच्या घरामागून मुंबई-नागपूर लाइन जाते, खऱ्या गाड्या बघत मोठी झालेली. तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला.

"बाबा, असा रंग कोनत्याच गाडीले नसते."

"म्हनून तर देऊन राह्यलो," ते म्हणाले. "ज्याच्यापाशी हाय त्याले कायले द्याचा?"

त्यांचं म्हणणं असं की खऱ्या रेल्वेचे रंग कचेरीत बसून ठरतात, आमच्या लाइनचे एसटीच्या खिडकीतून ठरले. इंजिनाचं अंग पळसाच्या जून पानाचं हिरवं. खालचा भाग शेतातल्या मातीचा काळा. आणि मधोमध एक पट्टा, कपाशीच्या फुलाचा. तोही त्याच सकाळी उमललेल्या फुलाचा, सायीच्या जवळ जाणारा फिकट पिवळा. दुसऱ्या दिवशी ते फूल गुलाबी होतं, म्हणून कालचं चालत नाही. पहिल्या इंजिनाच्या वेळी सासूबाई स्वतः फूल घेऊन आल्या होत्या आणि पट्ट्याचा रंग त्यांनीच कालवला होता. बाबा हे सांगायचे ते मात्र तक्रार म्हणून. "रंग ओला होता, मी सांगून राह्यलो हात नको लावजो, आन् हिनं उचलून फुलाशेजारी धरलं! असा बोललो मी तिले. दिवसभर माह्यासंगं बोलली नाई."

ओल्या रंगाला हात लावायचा नाही, हा त्यांनी मला शिकवलेला पहिला धडा. शिकवलं त्यांनीच. मी माझ्या कचेरीतून आले की चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी बसायची, आणि कधी त्या नसलेल्या रेल्वेत रुजू झाले ते माझं मलाच कळलं नाही. माहेरी गेले की आई विचारायची, सासरी करमतं का? आता तिला काय सांगणार, की सासऱ्यांनी मला चाकांची लाल किनार स्वतंत्रपणे करायला दिली म्हणून मी खूश आहे.

मग पट्टा बदलायला लागला.

सुरुवातीला वाटलं, रंग नीट कालवला गेला नसेल. पण प्रत्येक नव्या इंजिनावर तो आणखी पांढरा होत गेला आणि शेवटी त्यात निळसर झाक आली, जवसाच्या फुलासारखी. दिसायला वाईट नव्हता. पण कपाशीचा नव्हता. बाबा वाटीत रंग कालवताना म्हणायचे, "पिवळा जास्त झाला वं," आणि पांढरा ओतायचे, वर निळ्याचा थेंब. वर्तमानपत्र ते खिडकीपाशी नेऊन वाचत होते. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपत होते. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होताच, पण बाबांचं उत्तर ठरलेलं होतं: "माह्ये डोये फस्टक्लास हायेत. रंग बरोबर लागून राह्यले ना?"

माझ्या जिभेला हाड नाही. मी बोलून गेले, "बाबा, हा पिवळा नाई. निळा हाय."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. जन्मभर पोरांना रंग शिकवलेला माणूस तो. पुढे किती तरी दिवस मला टेबलाशी जागा नव्हती. चहा ठेवायचा आणि परत यायचं. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, निळा तर निळा." मीही जाऊ दिलं असतं. रेल्वे त्यांची, रंग त्यांचा. सगळी इंजिनं निळी झाली असती तरी माझं काय जाणार होतं?

पण एका रविवारी बाहेर आले तर त्यांच्या हातात पहिलं इंजिन, आणि दुसऱ्या हातात पॉलिश पेपर.

"हे लयच मळकट झालं," ते म्हणाले. "पट्टा पाह्य कसा पिवळाफटक. आन् इथं खिडकीखाली डाग पडला. घासून नवीन कपडे घालतो याले."

मी ते इंजिन हातातून ओढून घेतलं. सासऱ्यांच्या हातातून वस्तू ओढणारी सून, म्हणा काय म्हणायचं ते. सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. भिंतीवर एक फोटो आहे, त्यात त्या कुणाच्या तरी लग्नात अवघडून उभ्या आहेत. या घरात त्यांच्या हातचं म्हणावं असं मला ठाऊक असलेलं एवढंच होतं, तो बोटभर पट्टा. तो जाणार या विचाराने मला रडूच आलं, आणि रडू आलं की मी जास्त ओरडते.

"मळला नाई तो! आई फूल पाहून रंग कालवून गेल्या. तुमी फूल पाहून कराल तवाच घासजा!"

आता त्यांना नाही म्हणता येईना. नियम त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी नेहमीच्या भाजीवाल्या मावशीला कपाशीचं फूल आणायला सांगितलं. तिने पुढच्या खेपेला वांग्यांच्या पिशवीत घालून आणलं. बाबांनी ते बोटांत फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे तर गुलाबी. कालचं हाय. पास नाई." माझी फजिती झाली याचा त्यांना इतका आनंद झाला की अबोला तिथेच सुटला. मग स्वतःच म्हणाले, "झाडावरचं पाहाले पाहिजे. सकायचं."

म्हणून आम्ही गेलो. स्कूटरवर मागे बाबा, त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली दोन इंजिनं, एक सासूबाईंच्या पट्ट्याचं आणि एक नवं. वाटेत ओळखीचे भेटले. मास्तर डबा घेऊन कुठे निघाले, म्हणून त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "इन्स्पेक्शनले."

मावशीचं शेत हिंगणीच्या अलीकडे. कपाशी कमरेएवढी आली होती आणि पानापानांतून ताजी फुलं दिसत होती. मी एक फूल झाडावरच वाकवून धरलं. बाबांनी आधी नवं इंजिन त्याच्या शेजारी नेलं. बराच वेळ पाहिलं. मग जुनं नेलं. मग पुन्हा नवं. फूल बदलून बघितलं, झाड बदलून बघितलं, उन्हाकडे पाठ करून बघितलं. मी तोंड शिवल्यासारखी गप्प उभी होते, आणि हे माझ्यासाठी सोपं नसतं.

"फूलबी मळकटच दिसून राह्यलं," ते म्हणाले. जुन्या इंजिनाचा पट्टा आणि फूल त्यांच्या हातात एकमेकांना टेकलेले होते, आणि त्यात काही फरक नव्हता.

मग ते हळूच म्हणाले, "फूल तर मळत नाई."

त्यांनी दोन्ही इंजिनं स्वतः गुंडाळली, डब्याचं झाकण लावलं. परतताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. एरवी ते स्कूटरची मागची कडी धरतात. घर आल्यावर उतरता उतरता एवढंच बोलले, "डॉक्टरले विचारजो, कवा येऊ म्हना." मला त्यांची फार दया आली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. पट्टी निघाल्यावर दवाखान्यातून घरी येईपर्यंत ते पोरासारखे बाहेर बघत होते आणि दिसेल त्या गोष्टीचा रंग मोठ्याने सांगत होते. नवऱ्याला म्हणाले, "तुहा शर्ट जांभळा हाय? मले वाटे मातकट." घरात पाऊल टाकलं आणि थेट कपाटापाशी गेले. निळ्या पट्ट्यांची अख्खी रांग तिथे होती.

"हे कोनत्या कंपनीचे?" त्यांनी विचारलं, आणि मग एवढे हसले की डोळ्याला हात लावू नका म्हणून मला ओरडावं लागलं. "राहू दे तसेच. जवसबी आपल्याच लाइनीवर पिकते."

मग त्यांनी पहिलं इंजिन काढलं आणि खिडकीशी नेलं. घासायचा होता तो डाग शोधत होते बहुतेक. सापडला तसा इंजिन डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं आणि तसेच उभे राहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी ते माझ्यापुढे धरलं.

पट्ट्यावर, खिडकीच्या खाली, रंगात बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या. गोल फिरत गेलेल्या. मी इतकी वर्षं ते इंजिन पुसत होते, पण मलाही तो डागच वाटत आला होता.

"आंगठा हाय तिचा," बाबा म्हणाले.

मी माझा अंगठा त्याच्या शेजारी नेला, लावला नाही. सासूबाईंचा माझ्याहून लहान होता.

"लय बोललो होतो मी तिले त्या दिवशी," ते म्हणाले. "ओल्याले हात काऊन लावला म्हनून." त्यांनी इंजिन कपाटात सगळ्यात पुढे ठेवलं, डाग दिसेल असं वळवून. "बरं झालं लावला."