वेशीवरची विडी

फोन शेवंताच्या मोबाईलवर आला. काजूच्या कारखान्यात आम्ही दोघी समोरासमोर बसून काजू फोडतो. ती नुसती ऐकत राहिली. मग तिने फडक्याने हातांचं तेल पुसलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. एरवी जेवणाची घंटा होईपर्यंत ती हात पुसत नाही... तेव्हाच मला कळलं.

"तुजे घोव बागायतीत पडले गो. उठलेच नाय," ती म्हणाली. "घरा जा तू."

पण जायचं कसं? मी कामावर आल्यानंतर नदीचं पाणी रस्त्यावर चढलं होतं. डिचोलीहून लाटंबार्शाला जाणारी बस बंद. मला न्यायला निघालेली माणसं पाण्याच्या त्या बाजूला अडकलेली. मी खुंटीवरची पिशवी घेतली आणि चालायला लागले. ती पिशवी ह्यांनीच भरली होती, अशाच दिवसासाठी.

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा बसवाल्याने आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवलं होतं. बाकीच्या बायका मिळेल त्या गाडीला हात करून गेल्या. मला ते जमत नाही. दुकानात साखर मागायची तरी मी इतर गिऱ्हाइकं जाईपर्यंत उभी राहते. हे शोधत आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मी बसथांब्यावर तशीच उभी होते. रागावले नाहीत. घरी येऊन एक जाड कापडी पिशवी काढली. खाणी चालू होत्या तोवर हे टिपर चालवायचे. गाडी कुठेही बंद पडेल म्हणून सीटमागे असं सामान कायम असायचं.

"मी काय टिपर?" मी म्हटलं.

"टिपर हॉर्न तरी मारता!"

पाणी, बॅटरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सुकी साडी, आणि पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, बांगडीसारखी कडक काकणं. पाव टिकत नाही, काकणं टिकतात. सगळ्याच्या तळाशी विड्यांचा एक कट्टा आणि माचिस. ती वेशीवरच्या राखणदार देवासाठी. बसमधून जाताना हात जोडले तरी पुरतं, पण चालत येणाऱ्याने त्याच्या दगडापाशी विडी पेटवून ठेवायची. मग तो दारापर्यंत सोबत येतो, असं आमच्याकडे मानतात. मग एका रविवारी ह्यांनी मला बंद खाणीच्या डोंगरावरून घरापर्यंत चालवत आणलं. झरा दाखवला, कुत्रं असलेलं घर दाखवलं. "हय कोणाक कायच विचारूचा लागना नाय," म्हणाले.

कारखान्यातून सुटताना वॉचमन पिशव्या तपासतो. एकदा त्याने कट्टा वर धरला. "बाये, तू विडी ओडतंस?" बायका खो खो हसल्या. शेवंता म्हणाली, "घोवान सोडली, बायलेन धरली!" मी कट्टा पिशवीत कोंबला आणि मान खाली घालून निघाले. घरी सांगितलं तर हे खोकला येईपर्यंत हसले.

ह्यांना डॉक्टरांनी विडी बंद केली होती. पण दर रविवारी पिशवीतलं सामान बदलायचं. जुनी काकणं आम्ही चहात बुडवून खायचो. आणि जुना कट्टा? "देवाक सादळलेली विडी दिवची न्हय," म्हणत हे पायरीवर जाऊन बसायचे. मी म्हणायचे, देवाची विडी कोण ओढतो ते कळलं हो मला. "राखणदार घरातय लागता गो," हे धूर सोडत म्हणायचे.

त्या दिवशी मी त्याच वाटेने आले. आधी पाय धावत होते. मग घर जवळ येऊ नये असं वाटायला लागलं... झऱ्यापाशी बसले, लगेच उठले. काकण हातात घेतलं, परत ठेवलं. वेशीपाशी पोचले तेव्हा अंधारत होतं. सवयीने मी कट्टा काढला, काडीही काढली. आणि हात थांबला. मला सुतक होतं. बातमी कानावर पडली तेव्हापासून होतं. मी त्या दगडाला शिवू शकत नव्हते, काही देऊ शकत नव्हते. ह्यांनी सगळा विचार केला होता, फक्त चालायची वेळ कशामुळे येईल हा सोडून.

मी लांबच उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "देवा, आज देऊक जमना नाय. तरी माका घराक पोचय."

कोणाकडे तरी मी पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं, ते असं.

पोचले. अंगणात माणसं होती, ह्यांना बाहेर आणून ठेवलं होतं.

सुतक फिटल्यावर मी वेशीवर जाऊन विडी पेटवून ठेवली. देणं फिटलं, पण जीव काही थाऱ्यावर येत नाही. मधेच उठते, पिशवी उघडते, बॅटरी लावून बघते, मिटते. कामाला जाते तेव्हा ती खांद्याला असते. रविवारी सामान बदलते. पोदेराची सायकल वाजली की आता मीच दारातून हाक मारते. जुनी काकणं एकटी चहात बुडवून खाते. नवा कट्टा पिशवीत जातो. जुन्याचं काय करायचं, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. सादळलेली विडी देवाला चालत नाही. म्हणून ते कट्टे पायरीकडच्या खिडकीत ठेवते, पायरीवर बसून हात लांब केला की लागतील असे.