कडी नसलेलं दार

माझे सासरे किल्लीवाले. उभं आयुष्य त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या घासण्यात घालवलं. कुणाची किल्ली हरवली की लोक त्यांना जेवत्या ताटावरून उठवून न्यायचे. त्यांचा एकच नियम होता. घरच्या माणसानं तोंडानं ‘उघडा’ म्हटल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. मालक समोर हात चोळत उभा असला तरी हे विचारणार, “उघडू ना?” लोक हसायचे. ते हसणाऱ्यांपैकी नव्हते.

नव्वदीला टेकल्यावर त्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, वर्ष काढलं तरी नशीब. सासऱ्यांनी चार काढली. तुम्ही म्हणाल, छान झालं. पण ती कशी काढली ते घरच्यांना विचारा. सदऱ्याची बटणं लावेपर्यंत त्यांना धाप लागायची, एक मोजा घातला की दुसऱ्याआधी विश्रांती. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, “स्वतःचं स्वतः करतात ना?” त्यावर सासूबाई ताठ मानेनं सांगायच्या, “सगळं करतात.” करत होत्या त्या. बटणं त्या लावायच्या, मोजे त्या चढवायच्या, आणि बिनमिठाच्या भाजीवरून बोलणीही त्याच खायच्या.

आंघोळ मात्र त्यांनी कुणाला घालू दिली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. डॉक्टरांनी न्हाणीघराची आतली कडी काढायला सांगितली, तर सुतारालाही हात लावू दिला नाही. स्वतः स्टुलावर बसून काढली, स्क्रूंसकट डब्यात ठेवली आणि म्हणाले, “आयुष्यभर लोकांना किल्ल्या करून दिल्या, आता माझ्याच दाराला कडी नाही.”

मग दोघांनी आपसात एक पद्धत बसवली. सासूबाई बाहेर स्टुलावर टॉवेल घेऊन बसायच्या. ते आतून तांब्या बादलीवर वाजवायचे, की सासूबाई बाहेरून म्हणायच्या, “हं.” पुन्हा टण, पुन्हा हं. आंघोळ आटोपली की ते दोनदा वाजवायचे. मग त्या बाहेरची फरशी कोरडी करून ‘या’ म्हणायच्या. त्या ‘या’ म्हणेपर्यंत दार ढकलायचं नाही, हे ठरलेलं.

आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून त्यांच्या हृदयाकडे बघत होतो. सासूबाई जिना चढून आल्या की कठड्याला धरून उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “वय झालं गं.” नवऱ्याच्या गोळ्या तोंडपाठ असलेल्या बाईचा रक्तदाब कुणी तपासला नव्हता. मला अजून चीड येते ती ह्याची.

त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. त्यांनी चोरून भाजीत मीठ घातलं आणि सासूबाईंनी ताट उचललं. मी त्यांच्याच गोळ्या आणायला गेले होते. परत येताना जिन्यातच बादलीचा आवाज ऐकू आला. टण टण. थांबून पुन्हा टण टण.

सासूबाई स्टुलावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल, घडी न मोडलेली. मला वाटलं, डोळा लागला. मी हात धरला तर तो गार होता.

आतून ते म्हणाले, “अगं, कुडकुडायला झालंय. मिठावरून किती रागावशील? बरं, नाही घालणार. आता ‘या’ म्हण ना.”

मी ‘या’ म्हणू तरी कशी?

सासूबाईंच्या जाण्याच्या धक्क्यातूनही ते वाचले. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “हृदय अगदी स्थिर आहे.” मी उठून बाहेर गेले.

बरेच दिवस ते आंघोळीला जाईनात. पुसून घ्यायचे, तेही पाठ फिरवून. मग एका सकाळी त्यांनी कडीचा डबा आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. स्क्रू बोटांतून घरंगळत राहिला. मी उचलून देत गेले. माझा नवरा चिडला. “बाबा, आत काही झालं तर?”

“झालं तर झालं,” ते म्हणाले. “कडी असली की मी आत आणि तुम्ही आपापल्या कामाला. माझ्यासाठी आता कुणी बाहेर बसायचं नाही.” मग स्क्रूकडेच बघत म्हणाले, “दाराला कडी नव्हती रे. नुसतं ढकलायचं होतं. सगळ्या गावाची दारं उघडली मी, आणि तिथे बसून राहिलो, ती ‘या’ म्हणेल म्हणून.”

मी पाणी काढून दिलं. ते आत गेले, कडी सरकली. पाण्याचा आवाज आला आणि थांबला. तांब्या वाजला नाही. तो वाजवायचा कुणासाठी?

मी चुलीवरचं उतरवलं आणि येऊन स्टुलावर बसले. ते काही म्हणोत. थोडा वेळ वाट बघितली, मग दारावर बोटानं टकटक केलं.

आत शांत. पुन्हा टकटक केलं.

“हं,” आतून आलं. अगदी सासूबाईंसारखं, जरा चिडकं.