देवगाव नावाचं मशीन

"ए देवगाव, उभा राहा. तुझं मशीन पुन्हा पडलं."

साहेब हे सगळ्या विभागप्रमुखांसमोर म्हणाले. भिंतीवरच्या पडद्यावर लाल ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच नाव, देवगाव. मागून कुणीतरी म्हणालं, "देवगावात लाईट गेली वाटतं." खोली हसली.

मी कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा. बाप लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्याची पोती वाहायचा. भाव कसा पाडायचा, हे मी त्याच्या मागं उभं राहून शिकलो. शहरात क्रांती चौकातल्या क्लासची फी घासाघीस करून कमी करून घेतली, सर्व्हरचं काम शिकलो, या कंपनीत ठेक्यावर लागलो. पगारासाठीही घासाघीस केली. नाव मात्र मिळालं ते मुकाट घेतलं.

आमच्याकडं सर्व्हरना किल्ल्यांची नावं द्यायची पद्धत. साहेबांचा रायगड. माझ्याकडं एक जुनं मशीन आलं. त्याच्यासाठी किल्ला उरला नाही म्हणे. साहेबांनीच बारसं केलं. "याचं नाव देवगाव. दोघंही सारखेच. सगळ्यांचं ओझं वाहायला बरे." पेढे मला आणायला लावले. त्या दिवसापासून मीही देवगाव.

मशीनचं काम खरंच ओझ्याचं होतं. प्रत्येक सर्व्हर आपल्यावर काय चाललंय, काय बिघडलंय, त्याची नोंद लिहीत असतो. सगळ्यांच्या नोंदी आधी देवगावकडं यायच्या, तिथून मुख्य सर्व्हरकडं, मग पडद्यावर. नोंदीवर ती लिहिणाऱ्या सर्व्हरचं नाव असतं. मुख्य सर्व्हर ते नाव पुसायचा आणि ज्याच्या हातून नोंद आली, त्याचं नाव टाकायचा. म्हणजे बिघाड कुणाचाही असो, पडद्यावर देवगाव. हे मी साहेबांना आधीच सांगितलं होतं. मुख्य सर्व्हर त्यांच्या ताब्यात. "बघू," म्हणाले होते.

या वेळी सर्व्हरच्या बिघाडानं बाहेर जायचा माल गोदामातच अडकला होता. कुणाला तरी धरायचं होतं. साहेबांनी कागद सरकवला. माझ्या निष्काळजीपणानं झालं, असं त्यावर छापलेलं.

"सही कर."

शेजारी आमच्याच टीममधली शबाना होती. हळूच म्हणाली, "भाई, गलती तेरी नहीं. पण गरम नको होऊ."

मी गरम झालोच होतो.

"साहेब, तुमच्या रायगडवरून एक ओळ पाठवा. तुमच्या हातानं. काय पण लिहा."

"नाटक नको."

"भ्यालात व्हय?"

साहेबांनी लॅपटॉप ओढला, रायगडवर जाऊन 'चाचणी' असं टाइप केलं. पडद्यावर ओळ उमटली. देवगाव : चाचणी.

आता कुणी हसलं नाही. मला वाटलं, मिटलं. साहेबांनी लॅपटॉप बंद केला आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मला थांबवलं.

"मला माहीत आहे रे. सेटिंग बदलतो. पण वर कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. बिघाड रायगडचा, आणि रायगड माझ्याकडं आहे. तू सही कर, तुझा ठेका वाढवून देतो. मशीनलाही किल्ल्याचं नाव देऊ. शिवनेरी चालेल?"

खोटं कशाला बोलू? माझ्यातला मोंढा जागा झाला. किती वाढवून मागायचं, ते तोंडापर्यंत आलं. मग त्यांच्या तोंडाकडं लक्ष गेलं. पेढ्यांच्या दिवशी हसत होते, तस्संच हसत होते. मला माहीत आहे, म्हणाले. म्हणजे प्रत्येक लाल ओळीच्या वेळी त्यांना माहीत होतं. मला उभं करतानाही माहीत होतं.

मी कागद पालथा घातला.

"मशीनचं नाव देवगावच राहू द्या. माझ्या गावात लाज वाटण्यासारखं काही नाय. सेटिंग आजच बदला. आणि मला जिथं उभं केलं, तिथंच, त्याच माणसांसमोर सांगा, बिघाड कुठला होता."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मी सांगीन."

सेटिंग त्याच दिवशी बदलली. आता रायगड बिघडला की पडद्यावर रायगडच दिसतो. त्या खोलीत साहेब मात्र अजून एक शब्द बोललेले नाहीत. माझा ठेका संपत आलाय. वाढवणार नाहीत, हे कळायला मला कुणी सांगायला नको.

सोमवारी तीच माणसं तिथंच बसतील. या वेळी मला कुणी उभं करायची गरज नाही. मी आपणहून उभा राहीन आणि सांगीन. मधेच कुणी "ए देवगाव" म्हणून हाक मारली, तर ओ देणार नाही. थांबणारही नाही.