तव्यावरून ताटात

भाकरी चांगली असते ती तव्यावरून उतरल्यापासून तिचा पापुद्रा खाली बसेपर्यंत. त्यानंतर ती फक्त पोट भरते. हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, कारण तेव्हापासून मी भाकऱ्या थापते आहे. आणि थापणारीला ती तशी कधी मिळत नाही, हेही तेव्हापासूनच ठाऊक आहे. यात रडण्यासारखं काही नाही. हात पिठात असतात, तवा तापलेला असतो, समोर दोन ताटं खोळंबलेली असतात. आपली पाळी येते तेव्हा टोपल्यात तळाची भाकरी उरलेली असते, घाम आलेली.

मी खाण्याच्या बाबतीत हावरट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळते. जाता-येता कुठली भेळ चांगली, कुणाची मिसळ बिघडली, याची खबर माझ्याकडे असते. भोसरीतल्या आमच्या घरी रविवारचं मटण मीच करते आणि चांगलं करते. म्हणजे मटणासाठी मला कुठे जायची गरज नव्हती. मला बसून, दुसऱ्या कुणीतरी केलेली, तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी खायची होती. एवढंच.

आधी घरी करून पाहिलं. एका रविवारी मटण शिजल्यावर मी जाहीर केलं की आज भाकऱ्या मी करणार नाही. नवरा म्हणाला, "बस तू. त्यात काय एवढं?"

मी ताट घेऊन बसले. मुलगी परातीपाशी, नवरा तव्यापाशी.

"आई, पाणी किती घालू?"

"पीठ मागेल तेवढं."

"हे काय उत्तर आहे का?"

पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी हातावर घेताना फाटली. तिसरी कशीबशी तव्यावर पडली आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"वरून पाणी फिरवा," मी म्हणाले.

"किती वेळानं?" नवरा वर्कशॉपमध्ये लेथपुढे उभा राहतो तसा चिमटा धरून उभा होता.

"वेळानं नाही, आत्ता! गेली ती."

मी उठले. शेवटी सगळ्या भाकऱ्या मीच केल्या. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, छान झाल्यात हं भाकऱ्या."

नवऱ्यानं तेव्हाच सहज सांगितलं, "चाकणला एक खानावळ आहे. माल पोचवायला गेलो की आम्ही तिथंच जेवतो. दारातच चूल. बाई थापते, भाजते आणि ताटात टाकते."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी?"

पुढच्या बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि तिथे गेले. दारात चूल होती, चुलीपुढे एक वयस्कर बाई थापत होती, शेजारच्या टेबलांवर कामगार जेवत होते. भाकरी खरंच तव्यावरून ताटात पडत होती. मी रिकाम्या खुर्चीकडे निघाले, तेवढ्यात गल्ल्यावरचा मालक म्हणाला, "ताई, फॅमिली आत."

"मी एकटीच आहे."

"हो, आतच. फॅमिली रूम आहे."

आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक मटणाच्या हॉटेलांत ही सोय असते. बाई आली की तिला आत बसवायचं. ही खोली स्वयंपाकघराच्याही मागे होती. प्लॅस्टिकचा पडदा, कांद्याची पोती, एक मोठा फ्रीज आणि मी. मटण झकास होतं. भाकरी मात्र गार. वाढपी म्हणाला, "एकेका भाकरीसाठी आत कोण खेपा घालणार, मॅडम? तीन-चार जमल्या की आणतो."

मला वाटलं, नवरा सोबत असला की बाहेर बसता येईल. तो तर तिथला जुना गिऱ्हाईक. म्हणून पुढच्या खेपेला त्याला घेऊन गेले. मालकानं त्याला ओळखलं, हसून नमस्कार केला आणि म्हणाला, "आज फॅमिली आहे ना साहेब? आत बसा."

इतकी वर्षं चुलीशेजारी जेवणारा माणूस कांद्याच्या पोत्याशेजारी बसला. भाकरी चिवडत म्हणाला, "असली भाकरी मला इथं कधीच मिळाली नव्हती."

"आज तुम्ही फॅमिली आहात."

"त्यापेक्षा मी तुला पार्सल आणत जाईन."

"म्हणजे आणखी गार."

निघताना मी मालकाला सरळ सांगितलं की मला बाहेर बसायचं आहे. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "दुपार कलल्यावर या ना ताई. सगळं रिकामं असतं. कुठंही बसा, तुमचंच आहे."

मी तेही केलं. बाहेर बसले, अगदी चुलीसमोर. पण चूल निवलेली होती आणि ती बाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. वाढप्यानं टोपलीतल्या भाकऱ्या आणून ठेवल्या. गर्दी असते तेव्हाच तवा चालू असतो. गर्दी सरली की टोपली. हे मला आधीच सुचायला हवं होतं. घरी मी दुसरं काय करते?

तेव्हा ठरवलं, जायचं ते भर गर्दीत. पुढच्या बुधवारी जेवणाच्या वेळेला गेले. गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं अडकवलेल्या माणसांची रांग दाराबाहेर आली होती. मी रांगेत उभी राहिले.

मालकानं लांबूनच हात केला. "ताई, आत रिकामं आहे."

"माहितीये. मी इथंच थांबते."

माझा नंबर आला तेव्हा तो गल्ल्यावरून उठून आला. हळू आवाजात म्हणाला, "बाहेर सगळे जेन्ट्स आहेत. तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल."

"मला अवघडत नाही. भाकरी गार होते."

"गिऱ्हाइकांना अवघडेल, ताई."

मी चुलीकडे बोट केलं. "या सकाळपासून इथंच बसल्यात. त्यांचं कुणाला अवघडत नाही?"

"त्या कामाला आहेत."

"आणि मी जेवायला आहे."

चुलीपुढच्या बाईनं थापता थापताच तोंड उघडलं. "बसू द्या की त्यास्नी. माझी भाकर गार करून आत धाडताय. नाव माझंच खराब हुतंय न्हवं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, ताईंना बसवा राव! लाईन सरकू द्या."

मालक बाजूला झाला. चुलीशेजारच्या टेबलावर तिघं जेवत होते. एकानं खुर्चीवरची पिशवी उचलली. मी बसल्यावर त्यांचं बोलणं बंद पडलं.

"चालू द्या तुमचं," मी म्हणाले. "मीही कंपनीतलीच आहे."

"कुठल्या डिपार्टमेंटला?"

"स्टोअर."

"मेलो! म्हणजे सामान मागितलं की नाही म्हणणाऱ्या तुम्हीच."

"स्लिप नसली तर नाहीच."

तिघं हसले. कांद्याची ताटली माझ्याकडे सरकली आणि सुपरवायझरच्या नावानं चाललेलं त्यांचं पुराण पुन्हा सुरू झालं, थोड्या कमी शिव्यांसह.

भाकरी ताटात पडली तेव्हा फुगलेलीच होती. बोटानं पापुद्रा फोडला. वाफेनं बोट चांगलंच पोळलं, पण मी थांबले नाही. पहिला घास रश्श्यात न बुडवता कोराच खाल्ला. बाजरी थोडी जाडसर दळलेली होती, कडेला करपल्याचा एक डाग होता. मी करते त्यापेक्षा ही भाकरी काही वरचढ नव्हती. फक्त ती मी बसलेली असताना आली होती.

बाईनं पुढची भाकरी चिमट्यात धरून माझ्याकडे पाहिलं. "आनखी टाकू का?"

"ही संपू द्या," मी म्हणाले. "ती त्यांना द्या. माझी नंतर थापा."