सावडीला गेलेली नखं

"सर, परवा माझी नखं जाणार," मनीषा फोनवर म्हणाली.

मी तेव्हा उजव्या हातात रबरी ग्लोव्ह घालून भांडी घासत होतो. डावा हात उघडाच होता. आमच्या धंद्यात हे असंच असतं. क्लासिकल गिटार प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाहीत, उजव्या हाताच्या नखांनी वाजवतात. नख तारेवरून सुटताना जो आवाज निघतो त्याला आम्ही टोन म्हणतो. तो घडवायला वर्षं जातात आणि घालवायला एक डबा पुरतो, झाकण घट्ट असेल तर. म्हणून उजव्या हाताची नखं वाढवायची, बारीक पॉलिश पेपरने घासायची, जपायची. डावा हात तारा दाबतो, त्याची मात्र मुळापर्यंत कापायची. कुसगावच्या किराणा दुकानात मी पिशवी घ्यायला हात पुढे केला की नवीन पोऱ्या आधी नखांकडे बघतो, मग माझ्या मिशांकडे.

"जाणार म्हणजे कुठे जाणार?"

"भातलावणीला. परवा शेजारच्या गणपतभाऊंच्या खाचरात सावड आहे. आमच्या घरातून मलाच जावं लागणार."

परवा म्हणजे गुरुवार. शनिवारी लोणावळ्याजवळच्या एका निवासी शाळेत तिचा डेमो होता. संगीत शिक्षकाची एक जागा होती, आणि त्यासाठी नखाने तार कशी छेडायची ते शिकवून दाखवायचं, मग थोडं वाजवून दाखवायचं. वाजवताना सोबत मी बसणार होतो. मनीषा एका रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कवर काम करायची. मी तिथे रविवारी जेवणाच्या वेळी वाजवायला जात असे. लोक पनीर टिक्का खात सिनेमाची गाणी मागायचे. ही एकटी काउंटर सोडून पुढे आली होती आणि तिने विचारलं होतं, "सर, एकाच गिटारीतून दोन माणसं कशी वाजतात?" त्या प्रश्नावर मी तिला शिष्य करून घेतलं. तेव्हापासून ती ड्युटी संपली की माझ्याकडे यायची. आता कुठे तिला हवी तशी नोकरी समोर दिसत होती, आणि ती चिखलात जाणार होती. मला झोप लागली नाही.

सकाळी दुधिवरे खिंडीतून गाडी काढली आणि तिकोणा पेठेत तिचं घर गाठलं. तिचे वडील, आबा, ओटीवर चहा पीत होते. मी सरळ विषयाला हात घातला.

"आबा, मनीषाच्या जागी एखादा मजूर लावता येईल ना?"

"न्हाई चालत मास्तर. सावडीला मजूर धाडत न्हाईत. आज त्येनी आपल्यात यायचं, उद्या आपन त्येंच्यात. गणपतनं आमच्या लावनीला त्येची सून धाडलीवती. मी काय भाड्याचं मानूस धाडू?"

"मग मनीषाची आई?"

"तिच्या गुडघ्याचं आपरेशन झालंय. वाकता येत न्हाई."

"मुलगा?"

"तो नवलाख उंबऱ्याला कंपनीत. रजा मिळंना. आन मी बैलामागं चिखलनी करनार. लावायला दुसरं मानूस पायजे."

"चार दिवस पुढे ढकलली तर?"

"रोप म्हातारं व्हतं मास्तर. तुमची साळा थांबंल का चार दिस?"

शाळा थांबणार नव्हती. आबांचं चुकत नव्हतं आणि मनीषाचंही. मधल्यामध्ये माझ्याच तोंडून निघालं, "मग मी येतो."

आबांनी कप खाली ठेवला. "तुमी?"

"भाड्याचा नाही. मनीषा मला घरचाच समजते."

"लावनी येती का?"

"नाही."

"बरं," आबा म्हणाले. "गणपतला सांगतो, मानूस देतोय. चांगलं देतोय आसं काय सांगत न्हाई."

मनीषा दारात उभी राहून ऐकत होती. तिने कपाळाला हात लावला. "सर, आणि तुमची नखं?"

"ग्लोव्ह आहेत की," मी म्हणालो.

गुरुवारी खाचरात मी सोडून लावायला सगळ्या बायाच होत्या. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, पाठीवर पाऊस, आणि हात असे चालत होते की बघत राहावं. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने दोन-तीन काड्या सोडवायच्या, अंगठा आणि दोन बोटांनी चिखलात खोचायच्या, मागे सरकायचं. मी मनात म्हटलं, हे तर आपलंच काम, अंगठा आणि दोन बोटं. पण गिटार तुमचं बोट ओढून धरत नाही. चौथ्याच रोपाला चिखलाने माझा ग्लोव्ह गिळला. शोधायला हात घातला तर आधी लावलेली रोपंही तरंगायला लागली.

"मास्तर, रोप लावताय का पुरताय?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

"लावतोय."

"मग त्याचं डोकं वर ऱ्हाऊ द्या की."

दुपारच्या भाकरीपर्यंत तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं नख गेलं. संध्याकाळी अनामिकेचंही अर्धं राहिलं होतं. माझी रांग मात्र पूर्ण झाली. बांधावरून बघितली तर ती तुंग किल्ल्याकडे निघून मध्येच तिकोण्याकडे वळली होती. कंबर मोडली होती आणि मी उगाचच खूश होतो.

शुक्रवारी मनीषा रियाजाला आली ती उजव्या हाताची नखं शाबूत घेऊन. माझ्या हाताकडे बघून तिचे डोळे भरले.

"रडू नकोस. यावर इलाज आहे," मी म्हणालो.

इलाज जगभरच्या गिटारवाल्यांना माहीत असतो. पिंगपाँगचा चेंडू कापायचा, त्याचा नखाएवढा तुकडा घासून फेव्हिक्विकने चिकटवायचा. आवाज बऱ्यापैकी येतो. पण माझी बोटं आदला दिवसभर पाण्यात राहून अजून भिजलेल्या पोह्यांसारखीच होती. तिसऱ्या ओळीला एक तुकडा उडाला आणि थेट गिटारीच्या पोटात जाऊन पडला. दोघांनी मिळून गिटार उलटी करून हलवली. तो काही निघाला नाही, नुसता खुळखुळत राहिला. रडणारी मनीषा हसायला लागली.

वाजवायची होती ती माझीच रचना, दोन गिटारींसाठी लिहिलेली. वरची सुरावट माझी, खालची साथ तिची. शिक्षक मंडळी रचना करताना चांगला भाग कुणासाठी ठेवतात हे सांगायला नको. खालच्या भागाला नखाची फारशी गरज नव्हती. तो अंगठ्याच्या मांसानेही निघत होता.

"तू वरचं वाजव," मी म्हणालो.

"ते तुमचं आहे, सर."

"होतं. पाठ आहे ना?"

ती हळूच म्हणाली, "घरी रोज तेच वाजवते."

शनिवारी तिने आधी आठवीच्या मुलांना नखाने तार कशी छेडायची ते शिकवलं. मग आम्ही वाजवलं. मी खाली अंगठा चालवत राहिलो आणि ती वर. मी स्वतःसाठी लिहिलेल्या जागा ती माझ्यापेक्षा सावकाश घेत होती, आणि त्या तशाच घ्यायला हव्या होत्या हे मला तिथे कळलं. माझा अंगठा एकदा चुकला. तिचं काही चुकलं नाही.

संपल्यावर प्राचार्या बाईंनी तिला पाच मिनिटं प्रश्न विचारले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही यांचे साथीदार का?"

मनीषा घाईने काहीतरी सांगायला गेली. मी तिला थांबवलं आणि म्हणालो, "हो."

नोकरी तिला मिळाली. आता ती शाळेत गिटार शिकवते, आणि तिच्या वर्गात डबे उघडायला शिपाईमामांना बोलावतात असं ऐकतो.

दिवाळीनंतर आबा नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन माझ्याकडे कुसगावला आले.

"गणपतनं धाडलाय. तुमच्या वाकड्या रांगंतला हाय म्हनं."

"वाकड्या रांगेत पिकलं का?"

"रोपाला काय म्हाईत रांग वाकडी हाय का सरळ," आबा म्हणाले. "आन पुढच्या सालची सावड ठरली. पोरीला साळा आसती, म्हनून आमच्या घरचं मानूस म्हनून तुमचं नाव सांगितलंय."

यातून इतर गिटारवाल्यांनी घ्यायचा धडा एवढाच, की मावळात शिष्य करताना आधी त्याच्या घरी भात आहे का ते विचारावं. मी आता लावणीच्या महिन्यात कार्यक्रम घेत नाही. कुणी कारण विचारलं तर सांगतो, घरचं काम आहे.