शेडनेटचं दार

आज टोमॅटोच्या पानांचा उग्र वास बोटांना लागला आणि चिखलीजवळचं आमचं बियाण्याचं शेडनेट आठवलं. एका दुपारी त्याचं दार मी उघडं ठेवलं, मधमाश्या बाहेरचे पराग घेऊन आत शिरल्या आणि वहिनीने फूल-फूल धरून हाताने परागीकरण केलेला सगळा प्लॉट बाद झाला. दादा वहिनीवरच ओरडला. मी गप्प राहिलो. पुढे नैराश्याच्या वर्षांत मन उठता-बसता तेवढंच दार दाखवत राहिलं. त्यानंतरचं आज आठवलं. त्याच संध्याकाळी मी वहिनीजवळ रडत कबूल केलं, तेव्हा भाकर वाढत वहिनी म्हणाली होती, “मले माहीतच होतं, भाऊजी. काऊन रडून राह्यले? जेवा अन् मंग दादाले सांगा.” मी जेवलो होतो, सांगितलं नव्हतं. आत्ता दादाला फोन लावून सांगितलं.